तीन दिवसांचं प्रजासत्ताक

रात्री दीड-दोनपर्यंत जागून बार्सिलोनाची मॅच बघणारे दर्दी आपल्या हॉस्टेलच्या प्रत्येक विंगमध्ये निघतील. मेस्सीचे गोल, झावी-इनिएस्ताचे पास, सगळं तोंडपाठ. पण त्या स्टेडियममधली एक गोष्ट किती जणांनी टिपली असेल? २०१२ पासून पुढचे कित्येक मोसम, घड्याळात १७ मिनिटं १४ सेकंद झाली की बॉल कुणाच्याही पायात असो, प्रेक्षकांतला मोठा गट एका सुरात स्वातंत्र्याच्या घोषणा द्यायचा. कुणाचं स्वातंत्र्य? कॅटलोनियाचं. कुणापासून? स्पेनपासून. आणि नेमकं सतरा-चौदालाच का? कारण १७१४!

त्या वर्षी ११ सप्टेंबरला, वर्षाहून जास्त चाललेल्या वेढ्यानंतर, राजा पाचवा फिलिप याच्या फौजांपुढे बार्सिलोना शहर पडलं. १७१६ च्या फर्मानाने कॅटलन लोकांचे स्वतःचे कायदेकानून आणि 'जनरलितात' नावाचं त्यांचं जुनं, मध्ययुगापासून चालत आलेलं सरकार मोडीत निघालं. राज्यकारभारातून त्यांची भाषाही हळूहळू हद्दपार झाली. गंमत बघा, आपण विजयाचे दिवस साजरे करतो. कॅटलन लोक हा पराभवाचा दिवस आपला राष्ट्रीय दिन म्हणून पाळतात.

तेव्हापासून हा प्रश्न पेटत-विझत आलाय. कॅटलन लोकांचा स्वतंत्र देश असावा की नसावा? या वादात उभं आयुष्य घालवलेल्या एका माणसाची ही गोष्ट. आणि आपल्याला जवळची वाटावी अशी, कारण हा गृहस्थ मुळात इंजिनिअर होता. नाव फ्रान्सेस्क मासिया.

आरसीसीवाला कर्नल

मासियांचा जन्म १८५९ चा, बार्सिलोनाच्या नैऋत्येला समुद्रकाठी असलेल्या विलानोवा गावचा. घराणं मूळचं लेइदाकडचं, बोर्जेस ब्लांकेस गावातलं; तेलाचा व्यापार करणारं. वडील लवकर गेले. मुलगा ग्वादालाहाराच्या लष्करी इंजिनिअरिंग अकादमीत दाखल झाला आणि स्पेनच्या सैन्यात इंजिनिअर अधिकारी म्हणून लागला. बराच काळ नेमणूक लेइदाला. तिथल्याच एका मोठ्या जमीनदाराच्या मुलीशी, युजेनिया लामार्काशी, १८८८ मध्ये लग्न झालं. तीन मुलं, वायमान्या इथली मोठी शेतीवाडी, सैन्यात बढत्या. सगळं कसं व्यवस्थित!

सिव्हिलवाल्यांनी इथे जरा कान टवकारावेत. फ्रान्समध्ये झोझेफ मोनिये नावाच्या एका माळ्याने फुलझाडांच्या कुंड्या टिकाव्यात म्हणून सिमेंटमध्ये लोखंडी जाळी घातली आणि १८६७ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. आज आपण ज्याला आरसीसी म्हणतो त्याच्या सुरुवातींपैकी ही एक. हे तंत्र स्पेनमध्ये आणणाऱ्या पहिल्या माणसांमध्ये मासिया होते. १८९३ मध्ये लेइदाजवळ पुचवेर्त इथे त्यांनी मोनिये पद्धतीने पाण्याची टाकी बांधली. स्पेनमधल्या आरसीसी बांधकामाचा इतिहास सांगताना सुरुवात या टाकीपासून करतात. म्हणजे राजकारणात पडलेच नसते तरी हे नाव पाठ्यपुस्तकाच्या एखाद्या तळटीपेत उरलं असतंच.

वयाच्या पंचेचाळिशीपर्यंत या माणसाने स्वातंत्र्य वगैरे शब्द उच्चारल्याचं कुणाच्या कानावर नव्हतं. स्पेनच्या राजाचा गणवेश घालणारा, धार्मिक, शिस्तीचा अधिकारी. मग बिनसलं कुठे?

एक व्यंगचित्र

झालं असं. १८९८ मध्ये अमेरिकेकडून मार खाऊन स्पेनने क्युबा आणि फिलिपिन्स गमावले होते. सैन्याच्या जिव्हारी लागलेली ती जखम होती. १९०५ च्या नोव्हेंबरमध्ये बार्सिलोनाच्या 'कुकुत' या विनोदी साप्ताहिकाने सैन्याच्या पराभवांवर एक बोचरं व्यंगचित्र छापलं. २५ नोव्हेंबरच्या रात्री गणवेशातले अधिकारी घोळक्याने गेले आणि त्यांनी त्या साप्ताहिकाची आणि 'ला वेउ दे कातालुन्या' या दैनिकाची कचेरी फोडली, सामान जाळलं.

शिक्षा कुणाला? अधिकाऱ्यांना नाहीच. उलट १९०६ मध्ये सरकारने कायदाच केला, की सैन्याचा किंवा राष्ट्राच्या एकतेचा लेखी अपमान केला तर खटला लष्करी कोर्टात चालणार! सैन्यातले बहुतेक सगळे खूश होते. लेफ्टनंट कर्नल मासियांनी मात्र या दंडेलीचा उघड निषेध केला. परिणाम ठरलेला होता. त्यांची बदली दूर उत्तर किनाऱ्यावर, सांतोन्याला झाली.

या कायद्याच्या विरोधात कॅटलोनियातले एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे पक्ष एकत्र आले आणि १९०७ च्या निवडणुकीत त्यांनी तिथल्या ४४ पैकी ४१ जागा जिंकल्या. निवडून आलेल्यांत मासिया होते. त्यांनी सैन्य सोडलं. पुढे १९२३ पर्यंत बोर्जेस ब्लांकेसचे मतदार त्यांना पुन्हा पुन्हा माद्रिदच्या संसदेत पाठवत राहिले.

संसदेत त्यांनी काय पाहिलं? कॅटलोनिया तेव्हा स्पेनचा कारखाना होता. कापडाच्या गिरण्या तिथे होत्या, आणि स्पेनच्या मुख्य भूमीवरची पहिली रेल्वेही १८४८ मध्ये तिथेच, बार्सिलोना ते मातारो, धावली होती. कॅटलन उद्योजकांची आणि वकिलांची मागणी मर्यादित होती. थोडी स्वायत्तता द्या, आमच्या भाषेत शाळा चालवू द्या, आमचा माल सांभाळा. प्रत्येक वेळी थोडं मिळायचं, थोडं टळायचं. मासिया हळूहळू या निष्कर्षाला आले की मागून काही मिळणार नाही. १९२२ मध्ये त्यांनी 'एस्तात कताला', म्हणजे 'कॅटलन राज्य', ही संघटना काढली. डोळ्यांसमोर नमुना आयर्लंडचा होता. मागणी एकच, पूर्ण स्वातंत्र्य.

पाव शतक बंदुकीच्या सरकारी बाजूला राहिलेला माणूस साठी उलटल्यावर दुसऱ्या बाजूला जाऊन उभा राहिला होता.

फसलेली मोहीम

सप्टेंबर १९२३ मध्ये जनरल प्रिमो दे रिवेराने सत्ता बळकावली. कॅटलन झेंड्यावर आणि कारभारात कॅटलन भाषा वापरण्यावर बंदी आली. फुटबॉलप्रेमींसाठी एक तपशील. जून १९२५ मध्ये बार्सिलोना क्लबच्या मैदानावर स्पेनच्या राष्ट्रगीताला प्रेक्षकांनी शिट्ट्या मारल्या, म्हणून सरकारने मैदान काही महिने बंद ठेवलं आणि क्लबचा संस्थापक गांपेर याला देश सोडावा लागला. सतरा-चौदाच्या घोषणांची मुळं एवढी जुनी आहेत.

मासिया फ्रान्समध्ये निघून गेले. परागंदा कॅटलन लोकांकडून कर्जरोखे विकून पैसे जमवले. १९२५ मध्ये मदत मागायला थेट मॉस्को गाठलं. विचार करा, जमीनदार घरातला जावई, चर्चला जाणारा निवृत्त कर्नल, आणि बोल्शेविकांच्या दारात! आश्वासनं मिळाली, हातात काही पडलं नाही.

मग त्यांनी स्वतःच बेत आखला. पिरेनीज पर्वतातल्या प्रात्स द मोलो या फ्रेंच गावी माणसं आणि शस्त्रं जमवायची, सरहद्द ओलांडायची, ओलोत शहर घ्यायचं आणि प्रजासत्ताक जाहीर करायचं. सोबतीला फॅसिझमविरोधी म्हणवणारे काही इटालियनही होते. त्यांत रिच्चोत्ती गॅरिबाल्डी होता. मराठी वाचकाला मॅझिनी-गॅरिबाल्डी ही नावं सावरकरांच्या पुस्तकापासून ओळखीची. हा त्या थोर गॅरिबाल्डीचा नातू. आणि निघाला काय? मुसोलिनीचा हस्तक! नोव्हेंबर १९२६ मध्ये एकही गोळी न झाडता फ्रेंच पोलिसांनी सगळ्यांना धरलं. मासियांचं वय तेव्हा ६७ होतं.

आता हसावं की रडावं असा हा प्रसंग. पण पुढे जे झालं ते कुणाच्याच हिशेबात नव्हतं. जानेवारी १९२७ मध्ये पॅरिसला खटला चालला. पांढऱ्या केसांचा, ताठ कण्याचा हा वृद्ध कर्नल कोर्टात उभा राहून आपल्या लोकांबद्दल बोलला आणि युरोपभरच्या वर्तमानपत्रांना कॅटलोनिया नावाचा काही प्रश्न आहे हे कळलं. शिक्षा किरकोळ झाली, दोन महिने कैद आणि १०० फ्रँक दंड. मग हद्दपारी, बेल्जियम, तिथून दक्षिण अमेरिकेतल्या कॅटलन वस्त्यांचा दौरा. १९२८ मध्ये हवानाला भरलेल्या सभेत तर भावी कॅटलन प्रजासत्ताकाची राज्यघटनाही मंजूर झाली. देश नाही, पण घटना तयार! गावोगावी लोक मासियांना 'आवी' म्हणू लागले. आवी म्हणजे आजोबा.

१४ ते १७ एप्रिल

१९३० मध्ये हुकूमशहा गेला. फेब्रुवारी १९३१ मध्ये आजोबा परतले. मार्चमध्ये 'एस्केर्रा रिपुब्लिकाना' हा नवा पक्ष निघाला. १२ एप्रिलला नगरपालिकांच्या निवडणुका होत्या. जेमतेम महिन्याभराच्या या पक्षाने बार्सिलोनात सगळ्यांना झोपवलं. स्पेनच्या इतर मोठ्या शहरांतही राजाचे विरोधक जिंकले.

१४ एप्रिल १९३१. दुपारी बार्सिलोना नगरपालिकेच्या सज्जातून मासियांचे सहकारी लुईस कुम्पानीस यांनी प्रजासत्ताक जाहीर केलं. थोड्या वेळाने मासिया आले आणि एक पाऊल पुढे गेले. त्यांनी कॅटलन प्रजासत्ताक जाहीर केलं, इबेरियातल्या इतर प्रजासत्ताकांशी संघराज्यात राहायला तयार असलेलं. समोरच्या सरकारी वाड्याचा ताबा घेतला. इथून आता मेल्यावरच बाहेर पडू, असं त्यांनी जमलेल्या गर्दीला सांगितलं. त्याच रात्री राजा तेरावा अल्फोन्सो देश सोडून निघाला.

माद्रिदच्या नव्या सरकारला घाम फुटला. ते स्वतः प्रजासत्ताकवादी होते, मासियांचे मित्रच म्हणा. १९३० च्या ऑगस्टमध्ये सान सेबास्तियनला झालेल्या समझोत्यात त्यांनी कॅटलोनियाला स्वायत्ततेचा शब्दही दिला होता. पण वेगळं प्रजासत्ताक? ते राहिलं असतं तर सैन्याला हस्तक्षेपाचं आयतं निमित्त मिळालं असतं. १७ एप्रिलला तीन मंत्री विमानाने बार्सिलोनाला आले. त्यांतले दोघे कॅटलन होते. दारं बंद करून तासन्‌तास बोलणी चालली.

बाहेर पडले तेव्हा कॅटलन प्रजासत्ताक संपलेलं होतं. त्याऐवजी १७१६ मध्ये मोडलेलं जुनं नाव शोधून काढलं, जनरलितात. कॅटलोनियाचं स्वतःचं सरकार, स्पेनच्या आत. अधिकार किती ते पुढे कायद्याने ठरणार. मासियांनी ते मान्य केलं. स्वातंत्र्याच्या मागणीसाठी नऊ वर्षं वणवण केलेल्या माणसाने ते तीन दिवसांत सोडलं.

इथेच या माणसाबद्दलचा वाद सुरू होतो, आणि तो अजून मिटलेला नाही.

त्यांच्याबरोबर प्रात्सला गेलेल्या काही तरुणांना हा विश्वासघात वाटला. रस्ते आपल्या ताब्यात, लोक आपल्या बाजूला, माद्रिद गोंधळलेलं, अशी वेळ पुन्हा येणार होती का? दुसरी बाजूही ऐकण्यासारखी आहे. मतदारांनी मत दिलं होतं ते नगरसेवक निवडण्यासाठी आणि राजाविरुद्ध. वेगळ्या देशासाठी नव्हे. बार्सिलोनाच्या कारखान्यांत मुर्सियाहून, आरागोनहून आलेले हजारो मजूर होते, त्यांना कुणी विचारलं होतं? मजुरांच्या मोठ्या अराज्यवादी संघटनेला तर हा सगळाच मालक लोकांचा खेळ वाटत होता. झेंडा कुठलाही लागो, गिरणीचा भोंगा तोच. आणि रक्तपात झाला असता तर तो कुणाचा? हे प्रश्न एका निवृत्त कर्नलला नक्कीच कळत होते.

आधी तडजोड, मग विचारणा

पुढचं काम मासियांनी नेटाने केलं. जून १९३१ मध्ये पिरेनीजमधल्या नुरिया इथे स्वायत्ततेचा मसुदा तयार झाला. २ ऑगस्टला त्यावर सार्वमत. ७५ टक्के मतदारांनी मत दिलं. बाजूने जवळपास सहा लाख आणि विरोधात फक्त तीन हजारांच्या थोडं वर. बायकांना तेव्हा मताचा अधिकार नव्हता, तर चार लाखांहून जास्त बायकांनी सह्या करून पाठिंबा पाठवला.

मसुदा माद्रिदच्या संसदेत गेला तेव्हा मे १९३२ मध्ये जी चर्चा झाली ती आजही वाचण्यासारखी आहे. तत्त्वज्ञ ओर्तेगा इ गासेत यांचं म्हणणं थोडक्यात असं की कॅटलन प्रश्न सुटणारा नाहीच. जुनाट दुखण्यासारखा तो दोघांनी सोसत राहायचा, कॅटलन लोकांनी इतर स्पॅनिशांना आणि इतरांनी कॅटलनांना सांभाळून घ्यायचं. पंतप्रधान असान्या यांनी उत्तर दिलं की हे दैव नव्हे, हा राजकीय प्रश्न आहे आणि तो कायद्याने सोडवता येतो. ऑगस्टमध्ये जनरल सान्हुर्होचा उठाव फसला, प्रजासत्ताकवादी एकवटले आणि ९ सप्टेंबर १९३२ ला कायदा मंजूर झाला. मात्र काटछाट होऊनच! मसुद्यातला 'स्वायत्त राज्य' हा शब्द जाऊन 'स्वायत्त प्रदेश' आला. पण कॅटलनला स्पॅनिशच्या बरोबरीने राजभाषेचा दर्जा मिळाला, आणि स्वतःची विधानसभा मिळाली. तिने मासियांना अध्यक्ष निवडलं.

सत्तेत आल्यावर आतला इंजिनिअर पुन्हा जागा झाला. प्रत्येक कॅटलन माणसाला लहानसं घर आणि त्यापुढे भाजीपाल्याचा वाफा हवा, हे त्यांचं आवडतं स्वप्न. लोक त्याची थट्टाही करायचे. १९३३ च्या मार्चमध्ये त्यांनी बार्सिलोनात 'कासा ब्लोक' या कामगार वसाहतीची पायाभरणी केली. ती इमारत आजही उभी आहे. शहराच्या नव्या आराखड्याला त्यांचंच नाव मिळालं, 'मासिया प्लॅन'. तो करणाऱ्या तरुण वास्तुरचनाकारांबरोबर ल कॉर्ब्युझिए होते, पुढे आपलं चंदिगड आखणारे तेच. युद्धामुळे तो आराखडा कागदावरच राहिला.

२५ डिसेंबर १९३३, ऐन नाताळच्या दिवशी, अध्यक्षपदावर असतानाच मासिया गेले. अंत्ययात्रेला बार्सिलोनाचे रस्ते माणसांनी भरून गेले होते.

मागे काय उरलं?

त्यांच्या जागी कुम्पानीस आले. ६ ऑक्टोबर १९३४ ला त्यांनी पुन्हा एकदा कॅटलन राज्य जाहीर केलं, स्पॅनिश संघराज्यातलं. या वेळी कुणी मंत्री विमानाने आला नाही, तोफा आल्या. काही तासांत शरणागती, मग तुरुंग. त्यानंतर यादवी युद्ध झालं. फ्रँकोने १९३८ मध्ये स्वायत्तता रद्द केली. फ्रान्समध्ये आश्रय घेतलेल्या कुम्पानीसना १९४० मध्ये जर्मनांनी पकडून फ्रँकोच्या हवाली केलं आणि १५ ऑक्टोबरला बार्सिलोनाच्या मॉन्टजुइक किल्ल्यावर गोळ्या घालून ठार मारण्यात आलं.

पण जनरलितात ही संस्था परदेशात, भाड्याच्या खोल्यांत का होईना, जिवंत राहिली. फ्रँकोच्या मृत्यूनंतर १९७७ मध्ये, स्पेनची नवी घटना होण्याच्याही आधी, ती परत आली. १७ एप्रिल १९३१ ला बंद दाराआड स्वीकारलेलं ते नाव आजही कॅटलोनियाच्या सरकारचं नाव आहे.

प्रश्न मात्र मिटला नाही. १ ऑक्टोबर २०१७ रोजी कोर्टाची मनाई असताना जनरलितातने स्वातंत्र्यावर सार्वमत घेतलं. पोलिसांच्या लाठ्या चालल्या. सुमारे ४३ टक्के मतदान, त्यातली ९० टक्के मतं बाजूने. विरोधक बहुतांश घरीच बसले. २७ ऑक्टोबरला विधानसभेने स्वातंत्र्य जाहीर केलं, माद्रिदने त्याच दिवशी कारभार हातात घेतला. अध्यक्ष पुजदेमोन बेल्जियमला निघून गेले. २०१९ मध्ये नऊ नेत्यांना ९ ते १३ वर्षांच्या शिक्षा झाल्या, २०२१ मध्ये माफी, २०२४ मध्ये सर्वसाधारण माफीचा कायदा. त्याच वर्षी स्वातंत्र्यवादी पक्षांचं विधानसभेतलं बहुमत गेलं आणि समाजवादी साल्वादोर इया अध्यक्ष झाले.

आज दोन्ही बाजू मासियांचं नाव घेतात. स्वातंत्र्यवाद्यांना १४ एप्रिलचे मासिया हवे असतात, तडजोडवाद्यांना १७ एप्रिलचे. दोघेही अर्धा माणूस घेऊन जातात. त्यांच्या आयुष्यातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी तारीख तिसरीच आहे, २ ऑगस्ट. त्या दिवशी बार्सिलोना आणि माद्रिद या दोघांनाही मान्य असलेल्या मार्गाने लोकांना विचारलं गेलं. प्रश्न छोटा होता, अर्ध्याच गोष्टीचा होता, तरी उत्तर सगळ्यांना मोजता आलं. १९३४ मध्ये विचारलंच नाही. २०१७ मध्ये विचारलं, पण विचारायचा हक्क आहे की नाही यावरच दोघांचं एकमत नव्हतं. स्पेनची १९७८ ची घटना देश अविभाज्य मानते, म्हणून माद्रिद म्हणतं की हा प्रश्न एकट्या कॅटलोनियाला विचारता येणार नाही. कॅटलन लोकांतले अनेक जण, अगदी विरोधात मत देऊ इच्छिणारेसुद्धा, म्हणतात की एकदा विचारून तर बघा.

कॅटलोनिया स्वतंत्र व्हावा की नाही, हे तिथले लोक ठरवतील. आपण इथून कौल देण्यात अर्थ नाही. पण मासियांकडून एक गोष्ट नक्की घ्यावी. आयुष्यभराची मागणी बाजूला ठेवून, आपल्याच माणसांचा राग पत्करून, लोकांना विचारण्याजोगं काहीतरी त्यांनी उभं केलं. त्यांनी जाहीर केलेलं प्रजासत्ताक तीन दिवस टिकलं, आणि ज्यासाठी शिव्या खाल्ल्या ती तडजोड नव्वदहून जास्त वर्षांनंतरही बार्सिलोनाच्या त्याच वाड्यात कारभार करते आहे.